काळ्या गाडीतलं निर्माल्य

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक पाटी आहे. ‘येथे वाहने उभी करावीत. उकळू नयेत. – हुकुमावरून.’ आमचे सेक्रेटरी रावसाहेब, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांनी ती स्वतः ब्रश घेऊन रंगवली. बाहेरून येणारे लोक वाचतात, हसतात, मोबाइलवर फोटो काढतात. ती एकाच बाईसाठी लिहिली होती हे त्यांना कुठून ठाऊक असणार.

ती बाई म्हणजे आमच्या शेजारच्या सुशीलाबाई. वय अडुसष्ट, वारज्यातल्या मूळच्या. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन त्यांचीच होती. बिल्डरला दिली, त्यात त्यांना पहिल्या मजल्यावर घर मिळालं आणि भिंतीलगतची चार नंबरची पार्किंगची जागा. त्या जागेवर पूर्वी त्यांचा गोठा होता. शेवग्याचं एक झाड तेवढं त्या काळातलं राहिलं आहे. गोठा होता तेव्हा सुशीलाबाई सकाळी अंघोळ झाली की गाईच्या कपाळाला कुंकू लावायच्या, एखादं फूल वाहायच्या. गोठा मोडला, सवय राहिली. काही वर्षं ती जागा रिकामीच होती, तर त्या रिकाम्या फरशीलाही हात लावून नमस्कार करायच्या. मग तिथे काळी गाडी आली.

गाडी त्यांच्या यजमानांनी, दत्तोबांनी आणली. जर्मन बनावटीची, लांबलचक, एका डॉक्टरांनी वापरून सोडलेली. दत्तोबा शेतकरी, पण हात मिस्त्रीचा. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की गावात कोणाकडे जात नसत, स्वतःच तार गुंडाळून भरायचे. त्यामुळे त्यांच्या खिशात कायम तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असे. चष्म्याची काडी मोडली, बांध तार. फाटकाची कडी निसटली, बांध तार. गणपतीच्या मखरापासून म्हशीच्या घंटेपर्यंत सगळं त्या घरात तारेवर चालायचं.

गाडी आली त्या दिवशी गावातले जुने लोक जमले होते. एकजण म्हणाला, “दत्तोबा, बैल बरे होते की. पेट्रोल तरी पीत नव्हते.”

दत्तोबा म्हणाले, “बैलाला एसी न्हवता.”

मग त्यांनी गाडीचं मागचं डावीकडचं दार उघडलं, वाकून हात पुढे केला आणि बायकोला म्हणाले, “बसा मालकीणबाई.” सगळे हसले. सुशीलाबाई लाजून लाल झाल्या, पण बसल्या. तेव्हापासून ती त्यांची जागा झाली. दत्तोबा पुढे एकटे, त्या मागे डावीकडे. जेजुरीला, बाजाराला, लग्नाला, कुठेही जायचं असो, असंच. लोक म्हणायचे, दत्तोबा बायकोचा ड्रायव्हर झाला. दत्तोबा म्हणायचे, “पगार चांगला हाय.”

चार वर्षं ते सुख चाललं. मग तो एप्रिल आला, ज्याबद्दल पुण्यात कोणाला काही वेगळं सांगावं लागत नाही. दत्तोबांना ताप चढला, दम लागायला लागला. रुग्णवाहिका मिळेना. मुलगा साईनाथ हडपसरला, त्याच्याही घरात सगळे तापाने पडलेले. दत्तोबांनी धुतलेला सदरा घातला, खिशात चष्मा ठेवला आणि स्वतः गाडी काढली. सुशीलाबाई मागे त्यांच्या जागेवर. दवाखान्याच्या फाटकापाशी ऊन मी म्हणत होतं. दत्तोबा उतरले, पण गाडी बंद केली नाही. मागच्या काचेशी येऊन म्हणाले, “एसी चालू ठिवतो. उनात बसू नगंस. आलोच.”

ते आत गेले. सुशीलाबाईंना फाटकाच्या आत सोडलं नाही. संध्याकाळी साईनाथ कसाबसा तिथे पोचला तेव्हा गाडी तशीच सुरू होती आणि त्याची आई मागे पदर गुंडाळून कुडकुडत बसली होती. एसी कसा बंद करायचा ते त्यांना माहीत नव्हतं. पाचव्या दिवशी निरोप आला. चेहरा कोणालाच दाखवला नाही.

हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं, मेथी निवडता निवडता, मान वर न करता. मी त्यांच्यापुढची अर्धी जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागले.

त्यानंतर त्यांचा नेम सुरू झाला. रोज सकाळी देवपूजा आटोपली की किल्ली आणि एक फूल घेऊन खाली यायचं. कधी झेंडू, कधी शेवंती, कधी नुसतं सदाफुलीचं. गाडीच्या पुढच्या जाळीला कुंकवाचं बोट लावायचं, फूल जाळीच्या फटीत खोचायचं. मग पुढचं दार उघडून, बाहेर उभं राहूनच आत वाकायचं आणि किल्ली फिरवायची. एवढं त्या साईनाथकडून शिकल्या होत्या. पुढच्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत. खुर्ची दत्तोबांनी ठेवली होती तशीच, मागे सरकवलेली, पाठ थोडी कललेली. गाडी सुरू झाली, एसीचा वारा आला, की त्या मागे जाऊन आपल्या जागेवर बसायच्या. वीस मिनिटं. माझ्या गॅलरीतून दिसायच्या, हात मांडीवर, नजर पुढच्या खुर्चीच्या पाठीवर. वीस मिनिटांनी उतरून परत वाकायच्या आणि गाडी बंद करायच्या.

चार वर्षं रोज. एक दिवस चुकला नाही. सोसायटीत लोक कुजबुजायचे, पेट्रोल जाळते म्हातारी, डोक्यावर परिणाम झालाय. रावसाहेब एकदा तोंडावर म्हणाले, “सुशीलाबाई, ही पार्किंगची जागा आहे, देवघर नाही.” त्या शांतपणे म्हणाल्या, “गोठा व्हता, रावसाहेब.”

गेल्या एप्रिलमध्ये एका सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते, तर खालून जोरात फुसकारल्यासारखा आवाज आला. पाहते तो गाडीच्या तोंडातून पांढरी वाफ. खालून तपकिरी पाण्याचा ओघळ फरशीवर पसरलेला. सुशीलाबाई मागच्या दाराशी थिजून उभ्या. मी धावत खाली गेले, किल्ली फिरवून गाडी बंद केली. तेवढ्यात दूध घेऊन येणारे रावसाहेब त्या पाण्यावरून घसरले आणि पिशवीसकट बसले. गुडघा सुजला. माणूस चिडणारच. दुसऱ्या दिवशी पाटी लागली आणि सोबत सोसायटीचं पत्र: पंधरा दिवसांत वाहन चालू स्थितीत आणावे, अन्यथा हलवावे.

साईनाथ रविवारी आला. वाईट मुलगा नाही. पण त्याला घाई असते. त्याने आधीच कुठल्या तरी मोठ्या वर्कशॉपला फोन करून विचारलं होतं. एवढ्या जुन्या गाडीला हात लावायची त्यांची तयारी नव्हती.

“आई, पुढच्या वर्षी पंधरा वर्षं होतात गाडीला. तसंही कटकट आहे. मुदत संपली की भंगारवाला येतो म्हणालाय.”

“न्हाय.”

“अगं पण ती चालणारच नाहीये!”

“तुला कोण म्हनलं चालव? उभीच हाय की.”

“उभीच आहे ना, मग कशाला हवी?”

सुशीलाबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. बोलणं संपलं. पण तो गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “वैनी, कोनी तरी आसंल की. इतकं मोठं पुनं हाय.”

होता. अमीनभाई. आमच्या रिक्षावाल्याने सांगितलं, सर्व्हिस रोडला पिंपळाच्या अलीकडे एक पत्र्याचं गॅरेज आहे, गॅरेजवाल्याचा बाप रेडिएटरचा कारागीर होता, तोही तेच करतो. अमीनभाई साठीचे, बुटके, अंगाने किडकिडीत, कानावर पेन्सिल. गाडी बघायला स्वतः आले. आधी त्यांनी पाटी वाचली. पूर्ण वाचली. मग म्हणाले, “अक्षर चांगलं आहे.”

बॉनेट उघडून टॉर्च लावून बघत राहिले. पाणी साठवायच्या प्लास्टिकच्या डब्यावर बोट टेकवलं तर त्याचा कपचा निघून हातात आला. “बिस्कीट झालंय ताई. या गाड्यांचं असंच. इंजिन लोखंडाचं, पण जीव प्लास्टिकच्या नळ्यांत. यात पाणी कोण घालायचं?”

“वाचमन,” सुशीलाबाई म्हणाल्या. “बोअरचं. म्याच सांगायची. जनावराला पानी लागतंच की.”

“बोअरच्या पाण्याने तुमच्या घरातला गीझर किती वर्षं टिकतो?”

“दोन.”

“मग.” त्यांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. “गॅरेजला न्यावी लागेल. पण हे एवढंच नाही. फक्त पाण्याने इतकी तापायची नाही. पुढं काहीतरी अडकलंय. उघडल्याशिवाय सांगत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, गाडी न्यायची ठरली. अमीनभाईंनी पाणी भरलं, पुढचं दार उघडलं आणि सवयीने खुर्चीच्या कडेच्या बटणाकडे हात नेला.

“थांबा!” सुशीलाबाई एवढ्या जोरात ओरडल्या की शेवग्यावरचे कावळे उडाले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “खुर्ची हलवू नगा, भाऊ. तेवढी हलवू नगा.”

अमीनभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, “यजमानांची आहे.” त्यांनी पुढे काही विचारलं नाही. “उशी आहे का एखादी?” एवढंच म्हणाले. मी घरातून दोन उशा आणल्या. त्या पाठीशी घेऊन, पाय कसेबसे पोचवून, शाळेच्या बाकावर पुढे सरकून बसलेल्या मुलासारखे ते बसले आणि गाडी चालवत नेली. सुशीलाबाई मागे डावीकडे, मी त्यांच्या शेजारी. दोनदा थांबावं लागलं, तापमानाचा काटा वर जात होता म्हणून. त्या काचेतून बाहेर बघत नव्हत्या. पुढच्या खुर्चीकडेच बघत होत्या. तिच्यावर आमच्या दिवाणखान्यातल्या फुलाफुलांच्या उशा.

तिसऱ्या दिवशी अमीनभाईंचा मला फोन आला. “त्यांना घेऊन या. आणि एक स्वच्छ कापड आणा. सुती.”

आम्ही गेलो तर गाडीचं तोंड उघडं केलेलं. बंपर, जाळी, सगळं उतरवून एका बाजूला मांडलेलं. आणि आतल्या रेडिएटरच्या पुढे, जिथून वारा जायचा तिथे, काळपट तपकिरी गादी. बोटभर जाड. आधी मला कळलंच नाही. मग वास आला. देवघरातल्या जुन्या फुलांचा वास, उन्हात भाजून कुंद झालेला.

फुलं होती ती. चार वर्षांची. जाळीच्या फटीत खोचलेलं प्रत्येक फूल वाळून आत पडलं होतं, पंख्याच्या ओढीने रेडिएटरला चिकटलं होतं, त्यावर धूळ, त्यावर पुढचं फूल.

अमीनभाईंनी हात लावला नव्हता. म्हणाले, “मी पाण्याचा फवारा मारून गटारात घालवणार होतो. मग दिसलं की मध्ये कुंकू आहे. म्हटलं, हे मी फेकायचं नाही. तुमच्या देवाचं आहे. तुम्हीच काढा.”

सुशीलाबाईंनी गादीला हात लावला. पाकळ्यांचा भुगा बोटांना लागला.

“म्हंजी,” त्या म्हणाल्या, “ह्यो वारा म्याच आडवला.”

“ताई, तसं…”

“रोज. सोताच्या हातानं.” त्या खाली बसल्या, ग्रीसने काळ्या झालेल्या जमिनीवर. “त्यास्नी दम लागत व्हता. आन् त्यांच्या गाडीचा दम म्या कोंडला.”

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मनात आलं, देवाने फूल गोड मानलं असेल, पण रेडिएटर काय देव आहे? हे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

रस्त्यावरून डंपर जात होते. अमीनभाई पाठ फिरवून उगीच पाना पुसत होते. शेवटी सुशीलाबाईंनी पदर कमरेला खोचला, सुती कापड पसरलं आणि दोन्ही हातांनी ती गादी सोडवायला लागल्या. मीही लागले. वरचे थर मऊ होते, सुटून येत होते. त्यात दोरे निघाले, माळांचे. दूर्वा निघाल्या, एक सुकून दगड झालेलं लिंबू निघालं. खालच्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, सगळ्यात जुना थर मातीसारखा घट्ट होता. अमीनभाईंनी चिमटा दिला. त्याने ओढल्यावर एक लांब वेटोळं बाहेर आलं, हिरवट पडलेलं, त्याला झेंडूचे दोन-चार देठ अजून अडकलेले.

सुशीलाबाईंनी ते पदराने पुसलं. हिरवं गेलं, आतून तांबं चमकलं.

“वैनी, ही तार हाय.”

“हो.”

“म्या दोऱ्यानं ओवते. म्या कवाच तारंनं ओवलं न्हाय.” त्यांनी ती गाठ माझ्यापुढे धरली, तीन वेढे आणि एक उलटा पीळ. आमच्या सोसायटीच्या फाटकाच्या कडीवर अशीच होती, मी शंभरदा पाहिलेली. “ही त्यांची गाठ. दसऱ्याला हार ह्येच बांधायचे. आन् बांधला की वरीसभर काढायचे न्हाईत. म्या म्हनायची, काढा, वाळलाय. तर म्हनायचे, राहू दे, गाडीला शोभतोय.”

अमीनभाई वाकून बघत म्हणाले, “सगळ्यात खालचा थर आहे हा. म्हणजे सुरुवात त्यांनी केलीय ताई. तुम्ही नुसती पुढं चालवलीत.”

आणि सुशीलाबाई हसल्या. मोठ्याने नाही, पण खरंखुरं. मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. “बघा की,” त्या म्हणाल्या, “दोघांनी मिळून घोळ घातला आन् बोलनी मी एकटी खाते.” हसता हसता डोळे वाहायला लागले, पण ते त्यांनी पुसले नाहीत. हात भरलेले होते. तार तेवढी त्यांनी बोटाला गुंडाळून घेतली. ती अजून त्यांच्या किल्लीच्या कडीला आहे.

निर्माल्याचं गाठोडं झालं तांदळाच्या पिशवीएवढं. मी म्हटलं, पुलाजवळ निर्माल्य कलश आहे, तिथे देऊ. त्या म्हणाल्या, “कशाला? शेवग्याच्या बुडाला घालू. त्याला तरी उपेग.” तसंच केलं.

मग अमीनभाईंनी चार दिवस काम केलं. डबा नवा, दोन नळ्या नव्या, थर्मोस्टॅट नावाची एक टिचभर वस्तू नवी. आतून तीनदा धुतलं, तेव्हा कुठे चहासारखं येणारं पाणी निवळलं. मग बाटलीतलं शुद्ध पाणी आणि कूलंट. शेवटी आत अडकलेली हवा काढायची होती, आणि त्यासाठी म्हणे गाडीतला हीटर पूर्ण लावून बसावं लागतं. आम्ही गेलो तेव्हा भर एप्रिलमध्ये, दुपारी बारा वाजता, अमीनभाई उशांना टेकून गाडीत हीटर लावून घामाने निथळत बसले होते.

सुशीलाबाई म्हणाल्या, “भाऊ, निदान दार तरी उघडा.”

“उघडलं तर मी गार होईन, गाडी नाही,” ते आतून म्हणाले. “हवेचा एक बुडबुडा राहिला तरी परत उकळेल. आणि मग तुमचे ते रावसाहेब माझ्या नावाची पाटी लावतील.”

ठरल्या मुदतीच्या आदल्या दिवशी गाडी परत आली. रावसाहेब काठी टेकत खाली आले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. वीस मिनिटं गाडी जागेवर सुरू, एसी सुरू. काटा मधोमध. पंखा मध्येच गरगरून थांबायचा. विसाव्या मिनिटाला रावसाहेब गाडीखाली वाकून फरशी कोरडी असल्याची खात्री करून घेऊन म्हणाले, “ठीक. पण पाटी राहील.”

“राहू द्या की,” सुशीलाबाई म्हणाल्या. “अक्षर चांगलं हाय.”

साईनाथला मीच फोन केला, भंगारवाल्याला नको म्हणून सांग. तो म्हणाला, “काकू, ती खुश आहे का?” मी म्हटलं, “तू येऊन बघ.” तो म्हणाला, “बघतो, या महिन्यात जमतंय का.”

सगळं मिटलं असं मला वाटलं. पण अमीनभाई किल्ली परत देताना रेंगाळले.

“ताई, एक खरं सांगू? आज उकळली नाही. पण तुम्ही रोज हिला जागेवर उभी ठेवून चालवणार, तर ही टिकणार नाही. गाडीला स्वतःचा वारा लागतो, तो पळाल्यावर लागतो. उभ्या उभ्या चालू राहिली की आतल्या आत तापते. आठवड्यातून एकदा रस्त्यावर काढा. बाकी दिवस बंद राहू द्या. रोज नको.”

सुशीलाबाईंनी किल्ली मुठीत धरली. “ह्येनीच चालू ठिवली व्हती,” त्या म्हणाल्या. “उनात बसू नगंस म्हनून.”

अमीनभाईंना ती हकीकत माहीत नव्हती. पण त्यांना काहीतरी कळलं असावं. म्हणाले, “मग ते काही दिवसभरासाठी म्हणाले नसतील.”

सुशीलाबाईंनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली. मग विचारलं, “रस्त्यावर काढनार कोन?”

“शुक्रवारी माझं गॅरेज दुपारनंतर बंद असतं. नमाज झाला की चार वाजता येतो. अर्धा तास. उशा ठेवा काढून.”

तेव्हापासून शुक्रवारी चार वाजता अमीनभाई येतात. बायपासला लागतात, चांदणी चौकापर्यंत जातात, वळतात, परत येतात. सुशीलाबाई मागे डावीकडे. कधी मी असते, कधी नसते. गाडीत कोणी फारसं बोलत नाही. एसी मात्र हवाच. सकाळचा नेम सुटला. पहिले काही दिवस त्या सवयीने किल्ली घेऊन खाली यायच्या, गाडीपाशी उभ्या राहायच्या आणि फूल तसंच हातात घेऊन वर जायच्या. जाळीला आता नुसतं कुंकवाचं बोट. फूल शेवग्याच्या बुडाला. सकाळची ती वीस मिनिटं मोकळी झाली आणि त्यांचं काय करायचं ते त्यांना कळेना. मला म्हणाल्या, “वैनी, सकाळ लई मोठी असती.”

जूनमधल्या एका शुक्रवारी मी बरोबर होते. अमीनभाई उतरताना कमरेला हात लावून वाकले आणि तसेच राहिले. दोन महिने उशांवर पुढे सरकून, पाय ताणून गाडी चालवत होते. साठीचा माणूस. सुशीलाबाईंनी पाहिलं. पुढच्या शुक्रवारी उशा खाली आल्याच नाहीत.

“उशा?” अमीनभाईंनी विचारलं.

“खुर्ची सरकवा, भाऊ.”

“नको ताई. मला चालतं.”

“मला दिसतंय काय चालतंय ते. सरकवा म्हनते.” पण त्या दाराची कडा घट्ट धरून उभ्या होत्या.

अमीनभाईंनी विचार केला. मग दाराच्या आतल्या बाजूला असलेली दोन छोटी बटणं दाखवली, एक आणि दोन. “मोठ्या गाडीचा एवढा तरी फायदा घेऊ. ही खुर्ची लक्षात ठेवते. आधी मी हिची आत्ताची जागा एक नंबरवर पक्की करतो. ती त्यांची. मी दोनवर बसतो. परत आल्यावर एक दाबला की जिथं होती तिथं जाईल. एक केसभर इकडेतिकडे नाही.”

“गाडी इसरनार न्हाय?”

“माणूस विसरतो ताई. ही नाही.”

त्यांनी बटणं दाबली. बारीक घरघर झाली आणि खुर्ची पुढे आली, पाठ सरळ झाली. अमीनभाई बसले, त्यांचे पाय नीट पोचले. सुशीलाबाई मागे बसल्या. आता त्यांच्यापुढे मोकळी जागा होती, समोरचा सगळा रस्ता दिसत होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना बाहेर बघताना पाहिलं. डुक्कर खिंडीशी म्हणाल्या, “हितं आमची ज्वारी आसायची.”

आलो. शेवग्याखाली गाडी लागली. अमीनभाईंनी गाडी बंद केली नाही, उतरले आणि बाहेरून वाकून एक नंबर दाबला. खुर्ची हलली. हळूहळू मागे गेली, पाठ कलली, शेवटी टक् असा बारीक आवाज करून थांबली. जसं कोणी येऊन सावकाश टेकून बसावं.

अमीनभाई म्हणाले, “पाच मिनिटं राहू द्या, मग बंद करा,” आणि त्यांच्या स्कूटरकडे गेले.

मी उतरले. सुशीलाबाई उतरल्या नाहीत. दार लावून घेतलं. काच वर होती, त्यामुळे त्या काही बोलत होत्या का, ते मला ऐकू आलं नाही. चहाची वेळ होत आली होती, मी वर आले, गॅसवर आधण ठेवलं. मग गॅलरीतून पाहिलं. पाच मिनिटं होऊन गेली होती. त्या उतरल्या, पुढचं दार उघडलं, वाकून किल्ली फिरवली. गाडी बंद झाली. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवरून त्यांनी एकदा हात फिरवला, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत दार लावून टाकलं.